आईचं नाक आणि डॅशबोर्डवरचा मोगरा

आईला गाडी लागते. आमच्या घरात हे कुलदैवताइतकं जुनं आणि निर्विवाद आहे. लहानपणी एसटीत ती खिडकीची जागा धरायची, हातरुमालात लिंबू, पर्समध्ये आवळासुपारी आणि पायाशी एकात एक घातलेल्या दोन पिशव्या. चिपळूण सोडलं की ती बोलायची बंद व्हायची. शिरगाव, पोफळी आणि मग कुंभार्ली घाट. घाटात आई कुठल्या वळणावर खिडकीबाहेर वाकणार हे आम्हा भावंडांना पाठ होतं. हेळवाक आलं की तिच्या तोंडावर पुन्हा रंग यायचा.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली आणि आई पहिल्यांदा तिच्यात बसली, तेव्हा ती जे म्हणाली ते कुणी मनावर घेतलं नाही. गाडी 2016 ची एलिट आय-ट्वेंटी, नवऱ्याच्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड घेतलेली. आईने पट्टा लावला, एसी सुरू झाला, तिने नाक वर केलं आणि म्हणाली, "गो, ह्या गाडीत कायतरी मेलंय."

आम्ही तिघांनी वास घेऊन पाहिला. काही नाही. नवरा हळूच म्हणाला, "आईंना एसी सोसत नाही." मुलाने काच खाली केली. मी दुसऱ्या दिवशी दुकानातून मोगऱ्याच्या वासाची जेलवाली डबी आणून डॅशबोर्डवर चिकटवली. पुढच्या खेपेला आईचा शेरा सुधारला: "आता मोगऱ्याखाली मेलंय."

दोन वर्षं. दोन वर्षं मी तिला घाट, पित्त, वय, चहा न घेता निघणं, चहा घेऊन निघणं अशी सगळी कारणं सांगितली.

गेल्या एप्रिलमध्ये एसीने वारा द्यायचं जवळजवळ बंद केलं. ब्लोअरचा खटका चारवर नेला की आवाज विमानासारखा, पण जाळीसमोर हात धरला तर फुंकर मारल्याइतकी हवा. कराडच्या उन्हात ही फुंकर कुणालाच पुरत नाही. हायवेजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या पोराने बॉनेटही न उघडता सांगितलं, "मॅडम, गॅस कमी झालाय. गॅस भरू, कॉइल साफ करू. अडीच हजार धरून चला."

मी शाळेत विज्ञान शिकवते. गाडीतलं मला काही कळत नाही, पण घरी येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. हवा कमी येत होती, पण जी येत होती ती चांगली गार होती. गॅस कमी असता तर उलटं झालं असतं, वारा भरपूर आणि कोमट. म्हणजे गार करणारं यंत्र शाबूत आहे आणि वाऱ्याच्या वाटेत काहीतरी बसलंय. नळाला पाणी बारीक येतंय पण स्वच्छ येतंय, तर आपण आधी तोटीची जाळी काढून बघतो, टाकी बदलत नाही.

गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात होतं. आधीच्या मालकांनी ते उघडलं नव्हतं, आम्हीही नाही. पानं एकमेकांना चिकटलेली. त्यात होतं सगळं. डाव्या बाजूच्या खणाच्या मागे एक फिल्टर असतो. बाहेरची हवा पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून आत येते, त्या फिल्टरमधून गाळून ब्लोअरकडे जाते आणि ब्लोअर तिला थंड कॉइलवरून ढकलतो. आतलीच हवा फिरवत ठेवायचं बटण दाबलं तरी आमच्या गाडीत ती याच फिल्टरमधून जाते. हे वाचून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. घाटात ट्रकचा धूर नको म्हणून मी ते बटण कायम दाबून ठेवायचे आणि वर आईला म्हणायचे, "बघ, आता बाहेरची हवाच येत नाही, वास कुठला?"

स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि पहिलाच शब्द चुकले. "एअर फिल्टर द्या" म्हटलं, तर दुकानदाराने इंजिनचा फिल्टर काढून काउंटरवर ठेवला. तो वेगळा, बॉनेटखालच्या काळ्या डब्यात बसतो. आपल्याला हवा तो "एसी फिल्टर". दुकानातून, गॅरेजमधून हेच म्हणतात. पाकिटावर मात्र केबिन फिल्टर लिहिलेलं असतं. दोन प्रकार दाखवले. पांढरा साधा 280 ला आणि राखाडी, कोळशाचा थर असलेला 450 ला. मी लगेच राखाडीकडे हात नेला, वासाचा प्रश्न होता ना. दुकानदार म्हणाला, "ताई, आधी वास कुठनं येतोय ते बघा. घाण आत ठेवून वर कोळसा लावून काय उपयोग?" 170 रुपये जास्तीचे मिळत असताना असं बोलणारा माणूस. मी पांढरा घेतला.

रविवारी सकाळी उन्हं यायच्या आत कामाला बसलो. मी आणि आमचे आठवीतले चिरंजीव, ते टॉर्च धरायला. आधी खण रिकामा केला. टोलच्या पावत्या, बंद पडलेला पॉवर बँक, पीयूसी, एक मोजा (एकच), गणपतीतल्या आरतीची पुस्तिका. खणाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक प्लॅस्टिकची गुंडी असते, खण एका मर्यादेपुढे उघडू नये म्हणून. ती फिरवून आत ओढली की निघते. दोन्ही काढल्या की अख्खा खण खाली लोंबतो आणि मागचं काळं जग दिसायला लागतं. उजव्या अंगाला एक बारीक दांडी खणाला जोडलेली असते, तीही हलकेच सोडवायची. पाना नाही, स्क्रू-ड्रायव्हर नाही. सगळा जोर लागतो तो मानेला, कारण डोकं खणात आणि बाकीचं शरीर दाराबाहेर अशा अवस्थेत बसावं लागतं. समोरच्या घरातल्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय हरवलं का गं?"

खणामागे एक लांबट काळं झाकण असतं. बाजूचा खटका दाबला की सुटतं. ते काढलं आणि मी फिल्टरचं टोक धरून सरळ ओढलं. इथे चूक झाली, ती पुढे सांगते.

जे बाहेर आलं त्याला फिल्टर म्हणायचं तर म्हणा. घड्याघड्यांच्या कापडासारखी ही वस्तू नवी असताना पांढरीशुभ्र असते. ही काळी होती, आणि वरच्या घड्या गच्च भरलेल्या. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. त्याची बारीक पानं, तांदळाच्या दाण्याएवढी, मूठभर निघाली. त्यांत काळ्या पापुद्र्यांचा थर. कराडकरांना हे सांगायला नको. ऊसतोड झाली की शिवारात पाचट पेटवतात आणि त्या दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांवर, गच्चीवर, पापडांवर काजळी येऊन बसते. ती दोन-तीन हंगामांची काजळी माझ्या हातात होती. तळाशी लालसर माती, ती बहुधा माहेरची. चिपळूणची.

आणि एका कोपऱ्यात फिल्टर कुरतडलेला. तिथे गाडी पुसायच्या पिवळ्या फडक्याचे धागे, कापसासारखं काहीतरी, शेंगांची चार-पाच टरफलं आणि लेंड्या.

चिरंजीवांनी टॉर्च टाकली आणि "उंदीर!" म्हणून ओरडत गेटपर्यंत गेले. उंदीर नव्हता. तो कधीच घर सोडून गेला होता, की अजून रात्री येत होता, कोण जाणे. पण त्याचं मूत, ओल आणि कुजलेली पानं यांच्यावरून गाळून आलेली हवा आम्ही दोन वर्षं खात होतो, वर मोगरा लावून. आम्हाला वास येत नव्हता, कारण आम्ही रोज त्या गाडीत बसत होतो, नाक सरावतं. आई दोन-तीन महिन्यांतून एकदा बसायची. तिचं नाक कोरं होतं.

मी तिथेच थांबले, आत गेले, मास्क लावला, हातमोजे घातले. उंदराची घाण उघड्या हाताने चिवडायची नाही, आणि फुंकर किंवा झाडू मारून उडवायची तर मुळीच नाही. फिनेलचं पाणी शिंपडून, ओल्या कागदाने टिपून, सगळं पिशवीत गाठ मारून टाकलं. जुना फिल्टर झटकून, पंक्चरवाल्याकडे हवा मारून परत वापरता येईल का, असं नवऱ्याने विचारलं. मी पिशवी त्याच्या नाकाजवळ नेली. विषय संपला. तसाही हा फिल्टर धुवायचा नसतो. त्याचे तंतू नुसती चाळणी नसतात, त्यांच्यावर विद्युतभार असतो आणि बारीक धूळ त्याने ओढली जाऊन चिकटते. पाण्यात घातला की तो गुण जातो आणि वर ओल राहते. हवेचा जोर दिला की घड्या फाटतात.

आता ती चूक. घाण फिल्टरच्या वरच्या अंगाला होती आणि मी तो घाईने सरळ ओढला, तेव्हा खाचेच्या कडेला घासून मूठभर पानं आत, खाली पडली. आमच्या गाडीत फिल्टरच्या खाली ब्लोअर आहे. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नवा फिल्टर बसवला, चावी फिरवली, ब्लोअर लावला आणि लहानपणी सायकलच्या चाकात पत्ता अडकवल्यावर यायचा तसा आवाज. टर्रर्र. पुन्हा सगळं काढलं. व्हॅक्यूम क्लीनरची बारीक नळी खाचेतून घालून पानं ओढली, शेवटची दोन चिरंजीवांनी शिवणाच्या चिमट्याने काढली, तोपर्यंत त्यांचं धैर्य परतलं होतं. तुम्ही करणार असाल तर फिल्टर ओढण्याआधी खाचेतली सुटी पानं (उंदराची घाण नसेल तरच) व्हॅक्यूमने ओढून घ्या, आणि मग तो अगदी हळू, आडवा धरून काढा.

दुसरा घोळ बाणाचा. नव्या फिल्टरच्या कडेवर एक बाण छापलेला असतो, हवा कुठल्या दिशेने जाते ते दाखवणारा. मी पहिल्यांदा तो वर केला, कारण माझ्या डोक्यात पंखा खालून हवा वर फेकतो असं चित्र. मॅन्युअल म्हणतं बाण खाली. आणि मॅन्युअल नसतं तरी उत्तर कचऱ्याच्या पिशवीत होतंच: जुन्या फिल्टरची जी बाजू काळी, तिकडून हवा येते.

उघडं दिसतंय म्हणून पुढच्या काचेखालची जाळीही साफ केली. वायपरच्या बुडाशी गुलमोहराने गादी घातली होती. पाणी जायच्या वाटा अशा बुजल्या की पावसाळ्यात तिथे पाणी साचतं आणि आत ओल धरते.

खर्च 280 रुपये. वेळ, माझ्या चुकीसकट, सव्वा तास. पुढच्या वेळी वीस मिनिटांत होईल. नव्या फिल्टरच्या कडेवर मी मार्करने तारीख घातलीय. वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदला असं साधारण सांगतात. आमच्याकडे ऊसतोडीनंतर, मार्च-एप्रिलमध्ये बदलणं शहाणपणाचं. सगळ्या गाड्यांत जागा एकच नसते, हेही सांगून ठेवते. माझ्या मावसबहिणीच्या गाडीत खणामागे खाच आहे, झाकण आहे, आत फिल्टरच नाही. बेस मॉडेलला कंपनीने दिलाच नव्हता. ती सहा वर्षं गाळीव हवेच्या समजुतीत होती.

वारा त्याच दिवशी परत आला, खटका दोनवर अंगावर काटा येईल इतका. वास जायला आठवडा लागला. कॉइलवर एसी चालताना पाणी धरतं, ते ओलं राहिलं की बुरशीचा दर्प येतो, म्हणून आता घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी मी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवते. कॉइल वाळते. आणि गाडीत शेंगा खायला बंदी. मागच्या सीटखाली हात घातला तेव्हा उंदराचा किराणावाला कोण होता ते कळलं. चिरंजीव आता टॉर्च धरायलाही येत नाहीत.

मे महिन्यात आईला आणायला चिपळूणला गेले. तिला काही सांगितलं नव्हतं. ती बसली, पिशव्या पायाशी ठेवल्या, लिंबू हातात धरलं, नाक वर केलं. शिरगावपर्यंत काही बोलली नाही. पोफळीला तिने एसीची जाळी स्वतःच्या तोंडाकडे वळवली. आयुष्यात पहिल्यांदा. घाटात माझं लक्ष रस्त्यापेक्षा तिच्याकडे जास्त. नेहमीचं वळण गेलं. पुढचं गेलं. माथ्याच्या अलीकडे तिने हात वर केला. गाडी थांबवली, आणि व्हायचं ते झालं.

पाण्याने तोंड धुऊन ती परत बसली. मी जरा खट्टूच झाले होते. म्हटलं, "आई, अगं फिल्टर बदललाय. उंदराचं घर निघालं आत. तू म्हणत होतीस ते खरं होतं."

"मग मी काय खोटं सांगत होते?" लिंबाचा वास घेत ती म्हणाली. "ते गेलं, कळलं मला. आता तो मोगरा काढ."

हेळवाकला चहाला थांबलो, तेव्हा मी डबी नखाने उचकटून काढली. डॅशबोर्डवर तिचा गोल डाग राहिलाय. पुढे थोड्याच वेळात आई तोंड उघडं टाकून झोपली ती पाटण गेलं तरी उठली नाही.

कुरतडलेल्या कोपऱ्याचा फोटो मी काढून ठेवला होता. नवऱ्याने तो आईला अजून दाखवू दिलेला नाही.