तिकडं टिकट कोन फाडते?

दिवाळीला गावी आलो होतो. यवतमाळच्या स्टँडवरून दारव्ह्याच्या बसमध्ये बसलो, बाबा खिडकीशी आणि मी त्यांच्या बाजूला. पुढच्या सीटवर आमच्याच गावचे एक काका होते, फवारणीच्या पंपाची नळी दुरुस्त करून घेऊन चालले होते. बस स्टँडबाहेर पडली आणि ते मान वळवून मला म्हणाले, "काय बापू, तुमच्या जर्मनीत म्हणे कंडक्टरच नसते. मंग तिकडं टिकट कोन फाडते?"

मी म्हटलं, "कोणीच नाही काका. आपलं आपण काढायचं."

"मंग सारे फुकटच जात असन!"

बाबा काही बोलले नाहीत, खिडकीबाहेर पाहत राहिले. पण हा प्रश्न त्यांच्यासमोर निघाला म्हणूनच मला नीट उत्तर द्यावंसं वाटलं. बाबांनी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आहे. बसच्या आवाजात काकांना दोन वाक्यांच्या वर काही सांगता आलं नाही. ते आता इथे लिहितो.

मी जर्मनीत राहतो ते शहर मध्यम आकाराचं आहे. तिथे ट्राम चालते. स्टॉपला फाटक नाही, आडवा दांडा नाही, कोणी उभं नाही. ट्राम आली की कोणत्याही दारानं चढा आणि कोणत्याही दारानं उतरा. तिकीट मशीनमधून काढायचं, दुकानातून घ्यायचं किंवा मोबाईलवर घ्यायचं. आठ-आठ दिवस कोणी विचारत नाही. मग एखाद्या दिवशी ट्राम सुटते आणि तुमच्या समोरच्या सीटवरचा, साध्या जाकिटातला माणूस उठतो, खिशातून ओळखपत्र काढतो आणि म्हणतो, "फारकार्टन बिट्टे." म्हणजे, तिकिटं दाखवा. तोपर्यंत दारं बंद झालेली असतात.

माझ्यावर ही वेळ पहिल्याच महिन्यात आली, 2019 च्या ऑक्टोबरात. माझ्याकडे तिकीट होतं, पैसे देऊन मशीनमधून काढलेलं. मी ते निर्धास्तपणे पुढे केलं. त्या माणसानं ते उलटून पाहिलं, परत सुलटं केलं आणि तिकिटाच्या एका टोकावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तिथे शिक्का नव्हता. ट्राममध्ये दाराजवळ एक छोटी पेटी असते. चढल्याबरोबर तिकीट तिच्या फटीत घालायचं, मग खट् असा आवाज होतो आणि तारीख-वेळ छापली जाते. हे मला ठाऊक नव्हतं. त्या पेटीजवळ उभा राहूनच मी चार स्टॉप आलो होतो.

दंड झाला साठ युरो, त्या वेळच्या भावानं साडेचार हजारांच्या वर. त्यानं शांतपणे नाव-पत्ता लिहून घेतला, हातात चिठ्ठी दिली आणि पुढच्या माणसाकडे वळला. आवाज चढवला नाही की अपमान केला नाही. तरी माझे कान तापले होते. आजूबाजूला कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला वाटत होतं की सारी ट्राम माझ्याकडेच पाहत आहे. कंडक्टरचा मुलगा विनातिकीट पकडला गेला, हे एकच वाक्य डोक्यात घुमत होतं.

रात्री बाबांना फोन केला. वाटलं होतं, ते म्हणतील की तिकीट तर काढलं होतंस, मग दंड कसा? ते तसं म्हणाले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बापू, तू चोर नाई. पण पंच न मारलेलं टिकट म्हंजे न फाटलेलं टिकट. ते उद्याही चालते, परवाही चालते. त्या मानसाले तुयं मन कसं दिसन? त्याले फक्त पंच दिसते."

बाबांची सारी नोकरी ट्रेच्या तिकिटांवर गेली. कंडक्टरच्या हातात तिकिटाची मशीन आली तेव्हा ते रिटायर झाले होते. ॲल्युमिनियमचा तो लांबट ट्रे, त्यात दराप्रमाणे लावलेल्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, बोटात अडकवलेला पंच आणि खांद्याला चामड्याची बॅग. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरून भाडं ठरतं. प्रवासी कोणत्या टप्प्याला चढला ते पंचाच्या भोकावरून कळायचं. लहानपणी मला तो पंच म्हणजे वाजवायचं खेळणं वाटे, टिक-टिक, टिक-टिक. त्याचं खरं काम बाबांनी त्या रात्री फोनवर सांगितलं. उतरणाऱ्याच्या हातातलं तिकीट परत घेऊन दुसऱ्याला विकायची जुनी चोरी होती. भोक पडलं की तिकिटाचा जीव गेला, ते परत विकता येत नाही. जर्मनीतली ती पेटी म्हणजे बाबांच्या बोटातला पंचच आहे, फक्त मारायचा प्रवाशानं.

इथेच सगळा फरक आहे. आपल्याकडे तिकिटाचा भार कंडक्टरच्या खांद्यावर असतो, तिकडे प्रवाशाच्या.

ज्यांनी एसटीनं फक्त प्रवास केला आहे त्यांना हा भार ठाऊक नसतो, म्हणून थोडं सांगतो. ड्युटीवर निघताना कंडक्टरच्या खिशात स्वतःचे किती रुपये आहेत ते वेबिलवर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, लिहावं लागतं. वाटेत कुठल्याही फाट्यावर चेकिंगवाले हात दाखवून गाडी थांबवू शकतात. ते डोकी मोजतात, तिकिटं पाहतात, वेबिल पाहतात आणि शेवटी बॅग उलटी करून रोकड मोजतात. कमी निघाली तरी दोष आणि जास्त निघाली तरी दोष, कारण जास्तीचे पैसे म्हणजे कोणाकडून तरी पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही. प्रवासी विनातिकीट सापडला तर त्याला दंड होतो, चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा शंभर रुपये, जे जास्त असेल ते. तो दंड भरून प्रवासी घरी जातो. कंडक्टरच्या मागे मात्र रिपोर्ट लागतो, चौकशी लागते, आणि चौकशी संपेपर्यंत घरात कोणाला नीट झोप नसते.

आमच्या भागात भाडं बुडवण्याच्या रीती सगळ्यांना माहीत आहेत. जवळच्या टप्प्याचं तिकीट काढून पुढपर्यंत बसून राहायचं. आठ वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन "पाचवं लागलं नाई अजून" म्हणायचं. पाच ते बारा वर्षांच्या लेकराला अर्धं तिकीट लागतं आणि पाचच्या आत काहीच लागत नाही. या झाल्या लहान गोष्टी. सगळ्यात वाईट ती, जी हळू आवाजात सांगितली जाते: "टिकट राहू द्या ना, दहा रुपये घ्या अन् सोडा लाडखेडले." म्हणजे प्रवाशाचे थोडे वाचतात, कंडक्टरच्या खिशात थोडे जातात आणि गाडी दोघांनी मिळून लुबाडलेली असते. बाबांना हे रोज कोणीतरी म्हणायचं. अनोळखी माणूस तर म्हणायचाच, नात्यातलाही म्हणायचा. एकदा माझ्या सख्ख्या मामानं म्हटलं. बाबांनी पूर्ण तिकीट फाडलं, पैसे घेतले, आणि मामा आमच्या घरी दोन वर्षं आला नाही. आईला त्याचं फार लागलं होतं. मला त्या वेळी बाबांचा राग आला होता, आता येत नाही.

पण याच बाबांनी दुसऱ्याचं भाडं कितीदा भरलं ते मोजलेलं नाही. एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. सुट्टीत त्यांच्यासोबत फेरीला गेलो होतो. एक म्हातारी बाई चढली, पदराची गाठ सोडली, तर त्यात दोन रुपयेच निघाले. दवाखान्यातून परत चालली होती. ती म्हणाली, "उतरून देता काय मले, भाऊ?" बाबांनी तिच्या गावाचं पुरं तिकीट फाडलं, पंच मारला, तिच्या हातात दिलं, आणि शर्टाच्या वरच्या खिशातून पैसे काढून बॅगेत टाकले. दोन रुपये तिच्या पदरातच राहू दिले. मग वेबिलाच्या पाटीवर पेन्सिलनं आपल्या खासगी पैशांचा नवा आकडा लिहून ठेवला. दया करतानासुद्धा हिशोब चुकू द्यायचा नाही, ही त्यांची रीत.

जर्मनीच्या ट्राममध्ये ती म्हातारी चढली असती तर काय झालं असतं, हा विचार मला तिथे सुटत नाही. तिला चढताना कोणी अडवलं नसतं, पण विचारलंही नसतं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की सारे फुकट जात नाहीत. बहुतेक लोक तिकीट काढतात, कोणी पाहत नसतानाही काढतात. रात्री अकराला रिकाम्या ट्राममध्ये एकटी बाई चढते आणि आधी पेटीत तिकीट घालते, मग बसते. हे पाहून मला दरवेळी बरं वाटतं. विनातिकीट प्रवासाला तिकडे श्वार्त्सफारेन म्हणतात, शब्दशः काळा प्रवास. त्याचा दंड 2015 पर्यंत चाळीस युरो होता, नंतर साठ झाला. स्वतःच्या नावाचा पास घरी राहिला असेल तर तो मागाहून ऑफिसात दाखवायचा, मग थोड्या रकमेवर सुटका होते. इथपर्यंत सगळं मला पटतं.

पुढचं पटत नाही. तिकीट न काढणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे, त्यांच्या दंडसंहितेच्या कलम 265ए खाली. हे कलम 1935 सालचं आहे आणि त्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोर्ट बहुधा दंडच करतं. पण तो दंड भरायला ज्याच्याकडे पैसे नसतात, त्याला त्याऐवजी तुरुंगात दिवस काढावे लागतात. ज्याच्याकडे काही युरोंचं तिकीट काढायला पैसे नव्हते, त्याच्याकडे कोर्टाचा दंड भरायला कुठून येणार? म्हणजे तुरुंगात जातो तो लबाड माणूस नव्हे, गरीब माणूस. बेघर असलेला, दारूच्या नादी लागलेला, आलेली पत्रं न उघडणारा. लबाड माणूस साठ युरो भरून मोकळा होतो.

एका हिवाळ्यात मी असा माणूस पाहिला. पन्नाशीचा असेल. रिकाम्या बाटल्यांची पिशवी होती. तिकडे बाटली परत केली की काही सेंट मिळतात, ती गोळा करून तो दिवस काढत असावा. एका बुटाची नाडी तुटलेली होती आणि तिथे हिरवी सुतळी ओवली होती. चेकर आले तेव्हा तो पळाला नाही, भांडला नाही, नुसती मान खाली घातली. पुढच्या स्टॉपला त्याला उतरवलं आणि पोलीस येईपर्यंत ते तिघं बर्फात उभे राहिले. दोन चेकर आणि तो, मधे ती पिशवी. माझं तिकीट खिशात होतं, शिक्का मारलेलं. मी उठलो नाही. त्याच्या जागी बोलायला मला शब्द सुचले नाहीत आणि ट्राम सुटली. ते मला आजही लागतं.

तिकडच्या लोकांनाही हे लागतं, हे सांगायला हवं. आर्ने झेमस्रोट या पत्रकारानं 2021 मध्ये फ्रायहाइट्सफोंड्स नावाची खटपट सुरू केली. लोकांकडून वर्गणी घ्यायची आणि तिकिटासाठी तुरुंगात पडलेल्यांचा उरलेला दंड भरून त्यांना बाहेर काढायचं. आजवर हजाराहून जास्त माणसं अशी सुटली आहेत. 2024 च्या फेब्रुवारीपासून दंडाऐवजी काढायचे तुरुंगाचे दिवस कायद्यानं निम्मे झाले. कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ या शहरांनी 2023 मध्ये ठरवलं की साठ युरोंचा दंड घेऊ, पण पोलिसात तक्रार करणार नाही. कलम मात्र अजून जागेवर आहे.

आणि तिकीट स्वस्त केलं तर काय होतं तेही मी पाहिलं. 2022 च्या जून, जुलै, ऑगस्टमध्ये महिनाभराचा पास नऊ युरोला होता, सगळ्या देशात, लोकल गाड्या, बस आणि ट्राममध्ये चालणारा. त्या तीन महिन्यांत चेकर आला की कोणाचा चेहरा उतरलेला मला दिसला नाही. पुढच्या वर्षी मेमध्ये तसाच पास 49 युरोला आला, 2025 मध्ये तो 58 ला होता. मला परवडतो. सुतळीच्या नाडीवाल्याला परवडत नाही.

आपल्याकडचं एक मी अभिमानानं सांगतो. 2022 च्या ऑगस्टपासून एसटीत पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना भाडं नाही आणि 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे. आमच्या गावच्या बाया आता यवतमाळच्या बाजाराला एकट्या जातात, नवऱ्याकडे पैसे न मागता जातात. हा बदल मी दर सुट्टीला डोळ्यांनी पाहतो. दोन रुपये पदरात बांधून चढणाऱ्या त्या म्हातारीला आज कंडक्टरकडे हात जोडावे लागले नसते.

त्या दिवशी बसमध्ये कंडक्टर पोरगाच होता, पंचविशीचा. मशीन घेऊन आमच्यापाशी आला. बाबांनी आधार कार्ड पुढे केलं. ते आता शहात्तर वर्षांचे आहेत. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघालं. फुकट असलं तरी तिकीट द्यावंच लागतं. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. मग सीटवरून अर्धवट उठून त्यांनी मागे पाहिलं आणि ओठ हलवत गाडीतली डोकी मोजली. पोरगा परत पुढे आला तसं विचारलं, "किती झाले?"

"सत्तेचाळीस, काकाजी."

"माये शेहेचाळीस येतात."

पोरगा हसला नाही. त्यानं मशीनवर पाहिलं, मग मागच्या सीटकडे बोट केलं. "ते पदराखाली झोपलेलं पाहा. सहा वर्षाचं हाय, माय सोताच म्हनली. अर्धं फाडलं."

बाबांनी पुन्हा मागे वळून पाहिलं. पदराखालून एक लहान पाय बाहेर आला होता. "हो," ते म्हणाले, "सत्तेचाळीस," आणि खाली बसले.