पलीकडच्या गटाचा फ्लॅश

माझ्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर वीस बाय तीस इंचांचा एक फोटो लावलेला आहे, आणि तो माझा म्हणावा की नाही, हे मला गेल्या आठ-नऊ महिन्यांत ठरवता आलेले नाही. त्यात नऊवारी नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी मेणवलीच्या घाटावर उभी आहे, मागे कृष्णेवरचे गडद निळे आभाळ आहे आणि तिच्या गालाच्या कडेवर, नथीवर आणि मुंडावळ्यांच्या एकेका मोत्यावर चांदण्यासारखा थंड उजेड पडला आहे. येणारे गिऱ्हाईक आधी त्या फोटोकडे पाहते आणि मग दर विचारते.

मी कराडमध्ये २४ वर्षे लग्नांचे फोटो काढतो. आमच्या पिढीला फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची वस्तू एवढेच ठाऊक होते. फार तर तो छताकडे वळवायचा आणि परतून आलेल्या उजेडात माणसे टिपायची. मात्र छत पांढरे असेल तरच ही युक्ती चालते. केशरी-पिवळ्या कापडाच्या मांडवात छताकडे वळवलेला फ्लॅश सगळ्या वऱ्हाडाला कावीळ झाल्यासारखी दाखवतो, आणि आता तर लग्ने लॉनवर होऊ लागल्यामुळे डोक्यावर छतच उरलेले नाही. म्हणून मागच्या फेब्रुवारीत साडेतीन हजार रुपये भरून मी वाईला एका दिवसाच्या कार्यशाळेला गेलो. विषय एकच होता, फ्लॅश कॅमेऱ्यापासून काढून बाजूला कसा वापरायचा. आम्ही १८ जण होतो, आणि त्यांत माझ्याहून वयाने मोठा कोणीही नव्हता.

सकाळचा भाग वाईतल्या एका हॉलमध्ये झाला. शिकवणारे सर पुण्याचे. त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात जे सांगितले, त्यासाठी पूर्ण फी देणेही मला जड वाटले नसते. फ्लॅशने काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन फोटो असतात, एक भोवतालच्या उजेडाचा आणि दुसरा फ्लॅशचा. कमी ताकदीवर चालवलेला फ्लॅश हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळ पेटतो, त्यामुळे शटर १/६० सेकंद उघडे ठेवा की १/२००, त्याचा चेहऱ्यावरच्या फ्लॅशच्या उजेडावर काहीच परिणाम होत नाही. फक्त मागचे आभाळ उजळते किंवा काळवंडते. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे भोक, मात्र दोन्ही उजेडांना एकदम कमीजास्त करते. म्हणजे आभाळ शटरने आणि चेहरा फ्लॅशच्या ताकदीने, अशा दोन वेगळ्या तोट्या हातात येतात. हे मी २४ वर्षे हातांनी करत आलो होतो, पण डोक्याने कधीच केले नव्हते, आणि त्या वेळी मला थोडी लाजही वाटली.

बाकी मंडळींचे मात्र वेगळेच चालले होते. सर काहीही दाखवू लागले की मागून आवाज यायचा, "सर, सेटिंग काय?" आकडे वहीत उतरले की त्यांचे शिक्षण पूर्ण होत असे. आपण वापरलेले अॅपर्चर त्या खोलीपुरते, त्या अंतरापुरते आणि फ्लॅशसमोरच्या त्या छत्रीपुरते खरे असते, हे सरांनी तीनदा सांगितले. चौथ्यांदा सांगण्याऐवजी त्यांनी आकडा सांगून टाकला. एकाने शटर १/५०० वर नेले आणि फोटोच्या खालच्या भागात काळा पट्टा आला, तेव्हा त्याने ट्रिगर, म्हणजे बाजूच्या फ्लॅशला पेटवणारे कॅमेऱ्यावरचे यंत्र, खराब असल्याचे जाहीर केले. त्याच्या कॅमेऱ्याची मर्यादा १/२०० ची. त्यापुढे शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा पडदा निघतो आणि फ्लॅश पेटतो त्या क्षणी सेन्सरचा काही भाग झाकलेलाच असतो. जेवणानंतर एका विक्रेत्याने सगळ्यांना नव्या ट्रिगरवर सवलतीची कुपने वाटली, आणि अशा कार्यशाळांचा अर्धा खर्च कुठून निघतो ते कळले.

संध्याकाळी आम्ही वाईपासून तीन किलोमीटरवर असलेल्या मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा तो दगडी घाट आहे, आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे एका छोट्या दगडी देवळीत टांगलेली आहे. नऊ-नऊ जणांचे दोन गट केले. आमचा गट देवळीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे पायऱ्यांवर. मुलगी वाईचीच, मेकअप शिकणारी. आमच्याकडे फ्लॅश एकच. तो स्टँडवर, मुलीच्या डाव्या हाताला, चेहऱ्यापासून बरोबर पाच फुटांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि सॉफ्टबॉक्सच्या पांढऱ्या कापडाआड होता. फ्लॅशच्या काचेवर अर्ध्या ताकदीची नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावली होती आणि कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा मानायचा ते ठरवणारा आकडा, ३८०० केल्विनवर ठेवला होता. यातली खुबी अशी की, जेलमुळे चेहरा नारिंगी होतो, कॅमेरा तो नारिंगीपणा निळा मिसळून काढून टाकतो, आणि ज्याच्यावर जेल नाही ते सगळे, म्हणजे आभाळ, नदी आणि दगड, जादा निळे होते. फुकटची निळाई.

ट्रिगरही एकच होता. तो हातोहात फिरत होता आणि प्रत्येकाला पाच फोटोंची पाळी होती. मुलगी तिथेच, फ्लॅश तिथेच, ताकद १/८ वर बांधलेली. फक्त सूर्य डोंगराआड गेल्यापासून आभाळ उतरत चालले होते, म्हणून पाळीगणिक शटर १/२०० वरून खाली येत होते. एका ताटात नऊ जणांनी जेवावे तसा हा प्रकार होता, आणि पुढच्या आठवड्यात नऊही जण हाच फोटो आपापल्या नावाने लोकांना दाखवणार, हे उघड होते. मी मनातल्या मनात त्यांना नावे ठेवली आणि माझ्या पाळीची वाट पाहत उभा राहिलो.

माझी पाळी आली तेव्हा आभाळ अगदी हवे तसे निळे झाले होते. आयएसओ ४००, एफ ४, शटर १/८०. पहिले तीन फोटो इतरांसारखेच आले. चौथ्याला मी बटण दाबतच होतो, तेवढ्यात मुलीच्या मागून कुणी तरी म्हणाले, "ताई, जरा सरकता का?" तिने अर्धवट वळून पाहिले, बटण दाबले गेले आणि उजेड दोन बाजूंनी झाला. पलीकडच्या गटाला जागा बदलायची होती आणि त्यांचा मदतनीस पोरगा चालू फ्लॅश लावलेला स्टँड उचलून तिच्या मागच्या पायरीवरून चालला होता. दोन्ही गटांचे फ्लॅश एकाच चॅनलवर, म्हणजे एकाच रेडिओ वाटेवर, आणि ट्रिगरवरच्या एकाच 'ए' गटात होते. या ट्रिगरना ३२ चॅनल असतात, पण खोक्यातून काढल्यावर ते जसे असतात तसेच आयुष्यभर ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या ट्रिगरने हाक दिली आणि पोराच्या हातातल्या फ्लॅशने ओ दिली. पोरगा दचकला आणि स्टँड पडता पडता राहिला. सरांनी माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले, क्षणभर गप्प राहिले, आणि मग दोन्ही गटांवर ओरडले, "अरे, चॅनल बदला!" चॅनल बदलले गेले. तसा फोटो पुन्हा कुणालाही मिळाला नाही, मलाही नाही.

रात्री हॉलमध्ये प्रत्येकाने आपला एकेक फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. आमच्या गटाच्या एकसारख्या आठ फोटोंमध्ये माझा आला तेव्हा टाळ्या पडल्या. सरांनी तो थांबवून ठेवला आणि मागून दिलेला उजेड माणसाला पार्श्वभूमीपासून कसा सुटा करतो, यावर दहा मिनिटे सुरेख बोलले. तो उजेड कोणी दिला होता हे त्यांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. पोरगा भिंतीशी बसून सॉफ्टबॉक्सच्या काड्या मिटवत होता आणि त्याने पडद्याकडे पाहिलेही नाही. मी काही बोललो नाही.

हा फोटो मी भिंतीवर लावला आणि मार्चमध्ये एक वधूपिता त्याच्यासमोर उभे राहिले. "आमच्या मुलीचा अस्साच पाहिजे," म्हणाले. मी होकार दिला आणि त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण आता अपघाताची कृती शोधणे भाग होते. ताकद मला ठाऊक होती. फ्लॅशला ताकदीचा हुकूम ट्रिगर देतो, आणि माझ्या ट्रिगरवर 'ए' गट १/८ वर होता; म्हणजे पोराचा फ्लॅशही १/८ वरच पेटला असणार. त्याच्यावर कापड नव्हते आणि जेलही नव्हती, म्हणूनच तो उजेड चांदण्यासारखा निळसर आला. आमचे कापड आणि जेल मिळून साधारण दोन स्टॉप उजेड खात होते; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. तेव्हा पाच फुटांवरचा उघडा फ्लॅश आमच्या फ्लॅशपेक्षा दोन स्टॉप जास्त पडला असता, आणि अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, म्हणून दहा फुटांवर दोघांची बरोबरी झाली असती. फोटोत कडेचा उजेड चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप जास्त भरतो. म्हणजे सात फूट. मी भिंतीवरच्या फोटोमागे पेन्सिलीने '७ फूट' असे लिहूनही ठेवले.

पण हा हिशेब दिसतो तितका पक्का नाही. तिरका येणारा उजेड कातडीवर आणि मोत्यांवर चकाकतो, तो असतो त्यापेक्षा जास्त भरतो. तेव्हा पोरगा आठ फुटांवर असेल, नऊवरही असेल. शिवाय त्या फ्लॅशचे झूम किती होते? झूम १०५ वर असेल तर उजेड एकवटून लांब जातो, २४ वर असेल तर तोच उजेड फाकतो. फाइलमध्ये माझ्या कॅमेऱ्याचे सगळे आकडे नोंदलेले आहेत, पण दुसऱ्याच्या हातातल्या फ्लॅशचे झूम कोण नोंदवणार? एवढा मोठा प्रिंट केल्यावर मात्र उजव्या कडेला, देवळीच्या खांबाला लागून, पोराचे कोपर दिसते. गिऱ्हाइकांना तो दगड वाटतो. फोटोशॉपमध्ये ते काढणे दोन मिनिटांचे काम आहे, पण मी अजून काढलेले नाही.

मे महिन्यातले ते लग्न गोरज मुहूर्तावर होते, ६ वाजून ५२ मिनिटांचा मुहूर्त. ज्या पंधरा-वीस मिनिटांत आभाळ निळे असते, नेमक्या त्याच वेळात अक्षता, सप्तपदी आणि वरमाईची घाई चालू होती. नवरी माझ्या वाट्याला आली तेव्हा आठ वाजून गेले होते आणि आभाळ कोळशासारखे काळे पडले होते. त्यातून व्हिडिओवाल्यांचे दोन एलईडी पॅनेल सतत समोरून जळत होते. आमच्या धंद्यात व्हिडिओवाल्याला सावली म्हणजे शत्रू वाटते. जिथे म्हणून अंधाराची रेघ दिसेल तिथे तो उजेड ओततो आणि चेहरा पोळपाटासारखा सपाट करून ठेवतो. पाच मिनिटे दिवे बंद करा म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी लग्नच थांबवायला सांगतो आहे. शेवटी लॉनच्या मागच्या कोपऱ्यात, माझ्या सहायकाला सात फुटांवर उभे करून, मी चाळीसेक फोटो घेतले. मग आठ फूट, मग दहा फूट. नंतर त्याला फ्लॅश घेऊन तिच्या मागून चालायला लावले आणि "ताई, सरकता का" असेही म्हणायला लावले. नवरीला हसू आवरेना. उजेड बरोबर पडला, मोतीही चमकले, पण वळणारी मान ठरवून वळलेली होती आणि मागे निळे काहीच नव्हते.

अल्बम नेताना वधूपित्यांनी सगळी पाने सावकाश पाहिली. "फोटो चांगले आहेत," ते म्हणाले, "पण तो दुकानातला आहे तसा नाही." पैसे त्यांनी एक रुपयाही न कापता दिले, आणि तेच मला जास्त लागले.

गेल्या आठवड्यात मी आयोजकांकडून त्या पोराचा नंबर मिळवून त्याला फोन केला. त्याला आधी मी कोण ते आठवेना. स्टँड पडता पडता वाचला तो प्रसंग मात्र पक्का आठवत होता, कारण त्यावरून त्याला नंतर बोलणी बसली होती. मी त्याला विचारले, फ्लॅश कसा धरला होतास, तोंड कुठे होते, झूम कितीवर होते. "दादा, खांद्यावर घेतला होता," तो म्हणाला. "तोंड कुठं होतं ते मला काय ठाऊक? मी पायऱ्या बघत होतो." मी त्याला फोटोबद्दल सांगितले. कोपराबद्दलही सांगितले. तो हसला आणि म्हणाला, पाहिजे असेल तर मी येतो की फ्लॅश घेऊन उभा राहायला, दिवसाचे सहाशे घेतो.

तुळशीच्या लग्नानंतरच्या एका लग्नासाठी मी त्याला सांगून ठेवले आहे. मुहूर्त दुपारचा आहे, त्यामुळे नवरी संध्याकाळी मोकळी असेल, आणि लॉन नदीच्या काठाला आहे.