ओशचं वडाप

माझ्या नोकरीची बावीस वर्षं सांगली-तासगाव वडापात गेली. घर सांगलीत, शाळा तासगावात. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं, दोन गुडघ्यांच्या मध्ये गिअरचा दांडा आणि दिवसातून दोनदा ऐकायचं, 'मॅडम, जरा आत सरका.' त्यामुळे बिश्केकहून ओशला शेअर टॅक्सीनं एकटीनं जायचं ठरवलं तेव्हा घरातले सगळे काळजीत आणि मी निवांत. वडापच की, म्हटलं. फक्त साडेसहाशे किलोमीटरचं.

किरगिझस्तानची राजधानी बिश्केक उत्तरेला, ओश दक्षिणेला, आणि मध्ये नुसते डोंगर. या दोन शहरांमध्ये थेट रेल्वे नाही. विमान पाऊण तासात पोचवतं, पण मला डोंगर वरून नव्हते बघायचे. शेजाऱ्यांचा मुलगा ओशला एमबीबीएस करतोय. तिकडे आपल्याकडची पोरं पुष्कळ आहेत. त्याच्या आईनं मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि दोन किलो भडंग माझ्या गळ्यात घातलं होतं. 'त्याच्या हातातच द्या हं,' असं तीनदा बजावून.

पहिला घोळ नावातच झाला. ओशच्या गाड्या बिश्केकमधल्या ज्या बाजाराजवळून सुटतात त्याचं नाव 'ओश बाजार'. मी भेटेल त्याला 'ओश?' विचारत होते आणि तो पायाखालची जमीन दाखवून 'ओश!' म्हणत होता. शेवटी मी हातानं डोंगर काढून दाखवले, लांब कुठंतरी बोट नेलं, आणि त्यासरशी चार ड्रायव्हर धावून आले. एकानं माझी बॅग उचलली, दुसऱ्यानं ती त्याच्याकडून ओढली. जिकडे भडंग तिकडे मी. दोन हजार सोमला सौदा ठरला. सोम आणि रुपया जवळपास बरोबरीचे, त्यामुळे हिशेब सोपा.

'लगेच निघणार' हे वाक्य कुठल्याही भाषेत ऐकलं तरी कळतं आणि खोटंच असतं. आठला बसले, दहाला दहा मिनिटं कमी असताना गाडी हलली. सात सीटची जुनी जपानी गाडी. मागं एक आजी, मॉस्कोत बांधकामावर काम करून घरी निघालेला एक तरुण, तान्हं बाळ घेतलेलं जोडपं आणि सबंध प्रवास झोपून काढणारा एक विद्यार्थी. पुढं मी. माझ्या पायाशी भोकं पाडलेलं खोकं आणि त्यात चिवचिवणारी कोंबडीची पिल्लं. ती कुणाची, हे विचारायची सोय नव्हती. वडापात पार्सल असतंच.

तिकडे ड्रायव्हरला नावानं हाक मारत नाहीत, 'बाइके' म्हणतात, म्हणजे आपला दादा. आजी 'आपा'. आपांनी गाडी शहराबाहेर पडायच्या आत त्या तरुणाच्या मोबाइलवरून भाषांतर करून मला विचारलं, "नवरा कुठंय?" मी सांगितलं, "घरी. त्याला गाडी लागते." हे बाइकेला इतकं पटलं की पुढं प्रत्येक घाटात तो माझ्याकडे वळून उलटीची खूण करून हसायचा. वळून नको रे बाबा, समोर बघ.

समोर बघूनही त्याला फार काही दिसत नव्हतं, ही खरी गंमत. तिथं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि आमच्या गाडीचं स्टिअरिंगही उजवीकडे. म्हणजे ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला आणि मी रस्त्याच्या मध्यावर. पुढं ट्रक असला की पलीकडून काय येतंय ते फक्त मला दिसायचं. कारा-बाल्टा सोडून रस्ता दक्षिणेला दरीत वळला, पुढं कोळशाचा ट्रक आला, तेव्हा बाइकेनं गाडी जरा डावीकडे काढली आणि मला विचारलं, "बारबी?"

मला वाटलं, बाहुली. मी नुसती हसले. समोरून बस आली, त्यानं गाडी आत घेतली, आणि आपांनी मागून माझ्या खांद्यावर चापट मारली. मग त्या तरुणानं शिकवणी घेतली. किरगिझमध्ये 'बार' म्हणजे आहे, 'जोक' म्हणजे नाही, आणि 'बारबी' म्हणजे आहे का. पुढच्या ट्रकला मी मान लांब करून बघितलं आणि ओरडले, "जोक!" गाडी सुसाट. बावीस वर्षं वडापात बसून जे पद मिळालं नाही ते तिथं अर्ध्या तासात मिळालं: मी गाडीची किन्नर, म्हणजे क्लीनर, झाले. एकदा 'बार'च्या जागी 'जोक' निघालं असतं तर हे लिहायला मी नसते, हा विचार रात्री झोपताना आला. तेव्हा सुचलाच नाही.

तो-आशू घाटात गाडी तीन हजार मीटरच्या वर चढते, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. वर अडीचेक किलोमीटरचा सोव्हिएत काळातला बोगदा आहे. अरुंद, काळाकुट्ट, धुरानं भरलेला. 2001 साली आत वाहनं अडकून धुरानं माणसं दगावली होती, हे मला नंतर कळलं ते बरं झालं. बोगद्याच्या तोंडाशी सगळ्यांना थांबवलेलं. का, ते समजलं नाही. जूनमध्ये आजूबाजूला बर्फाचे पट्टे, बाळ रडतंय, पिल्लं ओरडतायत, आणि बाइके बॉनेटवर टेकून सिगारेट ओढतोय. तासभर झाल्यावर आपांनी पिशवीतून कुरुत काढलं. घट्ट दह्याच्या खारट वाळवलेल्या गोळ्या. लिमलेटसारखी तोंडात धरायची आणि चघळत बसायचं. समोरच्यानं काही दिल्यावर आपण रिकाम्या हातानं बसायचं, हे आपल्यात बसत नाही. भडंगाची पिशवी फोडली.

आपांनी मूठभर तोंडात टाकलं, डोळ्यांत पाणी आलं, "आचूऽऽ!" म्हणाल्या. तिखट. आणि हात पुन्हा पुढं. बाइकेनं तळलेला लसूण वेचून वेचून खाल्ला. हा माणूस सांगलीत सहज खपला असता.

बोगद्यातून बाहेर पडलो आणि गाडीत कुणी बोलेना. खाली सुसामिरचं खोरं. इतकं हिरवं आणि इतकं रिकामं की नजर ठेवायला जागा सापडेना. पांढरे युर्त (मेंढपाळांचे गोल तंबू), सुटे घोडे, आणि उन्हाळी कुरणांकडे निघालेल्या मेंढ्यांनी भरलेला रस्ता. आपल्याकडे पावसाळा सरला की वाटेत धनगरांचे वाडे भेटतात, तसेच हे, फक्त घोड्यावर बसून हाकणारे. कळपातून गाडी काढायला वीस मिनिटं लागली आणि मला ती कमी वाटली. पुढं एका युर्तापाशी बाइकेनं घोडीचं आंबवलेलं दूध, कुमिस, घेतलं. मी चाखलं: आंबट ताक चुलीच्या धुरात टांगून ठेवल्यासारखं. कुमिस थोडं चढतं असं ऐकून होते. बाइकेचे दोन वाडगे मी मोजले. तिसरा मी घेऊ दिला नाही. किन्नरला एवढा अधिकार असतो.

आला-बेल खिंड उतरून तोक्तोगुलला पिल्लं उतरली. पेट्रोल पंपावर घ्यायला आलेल्या माणसानं ती एकेक करून मोजली. एक कमी भरलं. बाळाच्या दुपट्यात सापडलं. अर्धा तास.

तोक्तोगुलचा जलाशय दिसतो समोर, पण रस्ता त्याला वळसा घालत राहतो. सत्तरच्या दशकात 215 मीटर उंचीचं धरण बांधून नारिन नदी अडवली, खोरं पाण्याखाली गेलं. हीच नारिन पुढं कारा-दर्याला मिळून सिर-दर्या होते. निळं पाणी, पिवळे-तांबडे डोंगर, सुंदर खरंच. पण दीड तास तेच पाणी बघितल्यावर माणूस जेवणाचा विचार करतो.

धरणाखाली नारिनच्या घळीत अंधार पडला आणि टायर बसला. स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नव्हती. कुणी चिडलं नाही, हे मला अजून नवल वाटतं. आमच्या तासगावच्या वडापात एव्हाना ड्रायव्हरचे पूर्वज निघाले असते. आपांनी कडेला फडकं अंथरलं, भाकरीएवढी रोटी काढली. तिला तिकडेही 'नान'च म्हणतात. मी माझा वाटा पालथा ठेवला, तर आपांनी काही न बोलता तो उताणा केला. नान पालथी ठेवत नाहीत. मग भडंगाची दुसरी फेरी, मोबाइलच्या उजेडात. दीड तासानं एक ट्रकवाला थांबला, त्यानं हवा भरून दिली आणि जाताना ओंजळभर भडंग घेऊन गेला.

जलालाबादला निम्मी गाडी रिकामी झाली. तिथून ओशचा पूर्वीचा सरळ रस्ता उझबेकिस्तानच्या हद्दीतून जायचा. सोव्हिएत काळात ती रेघ नकाशापुरती होती, 1991 नंतर सीमा झाली, म्हणून आता उझगेनकडून वळसा. त्या वळशावर बाइकेला झोप यायला लागली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. त्याची मान कलली की त्याच्या तळहातावर लसणासकट एक मूठ. डोळे उघडायचे.

रात्री अडीचला ओश. मुलगा हॉस्टेलच्या फाटकाशी चप्पल-चड्डीत उभा होता. वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि थबकला.

"काकू, हलकी लागतेय. भडंग?"

"जोक," मी म्हटलं.