तुम्ही विचारलंत म्हणून: भारतात कुणी छळलं नव्हतं, मग गेलात कशाला?

अलिबागला नातेवाइकांकडे जावे किंवा इथे इस्रायलमधल्या बीरशेबा शहरात कुणी मराठी पाहुणे घरी यावेत, चहाचा कप खाली ठेवण्याआधी हा प्रश्न येतोच. "भारतात ज्यूंना कधी कुणी त्रास दिला नाही. तुमचे वडील रेल्वेत इंजिनिअर होते, क्वार्टर होते, चार लोकांत मान होता. मग इस्रायलला गेलात कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हे मला कळते. तरीही इतकी वर्षे तुटक उत्तरे देऊन मी थकले आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या पूर्वजांचे नवगावला फुटलेले गलबत, शनिवारी विश्रांती पाळायची म्हणून घाणा बंद ठेवल्याने पडलेले 'शनवार तेली' हे नाव, गावावरून आलेल्या आडनावांतले 'कर' हे सारे तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही.

तुमचे म्हणणे खरे आहे, हे आधी मान्य करते. सामुएल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग, म्हणजे आमचे प्रार्थनास्थळ, बांधले, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले आणि महालक्ष्मीचा रस्ता आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. शनिवारी सुट्टी मिळावी म्हणून त्यांचे सहकारी आपली रविवारची पाळी त्यांना देत. आमची भारताविषयी तक्रार नव्हती आणि नाही.

पण ज्याला हाकलून दिले तोच घर सोडतो, असे तुम्ही गृहीत का धरता? दादरचा मुलगा कॅलिफोर्नियाला जातो, तेव्हा "तुला इथे कुणी छळले?" असे त्याला कुणी विचारत नाही. आमच्या जाण्याला मात्र छळाचा दाखला लागतो आणि तो नाही म्हटल्यावर आम्ही कृतघ्न ठरतो.

आता कारणांबद्दल. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात आमची संख्या वीस हजारांच्या घरात होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत एकेक घर जाऊ लागले, तशी कोकणातल्या सिनेगॉगमध्ये दहावा माणूस शोधायची वेळ आली. आज काका गेले, उद्या मावशी गेली, मुलामुलींसाठी स्थळे कमी झाली. बाबा धार्मिक होते, पण ते केवळ धर्मासाठी गेले असे मी म्हणणार नाही. पैशासाठी तर नक्कीच नाही, कारण इथे आल्यावर हुद्दा खाली आला. माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.ची पदवी असलेला माणूस सुरुवातीला एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून राबला. पुढे मृत समुद्राच्या काठी पोटॅशच्या कारखान्यात, खारे पाणी बाष्पीभवनाच्या कुंडांकडे नेणाऱ्या पंपांच्या देखभालीचे काम त्यांना मिळाले, आणि ते त्यांनी जीव ओतून केले. त्या पाण्यातले क्षार पंपांच्या आत थरावर थर साचतात. ते वेळेवर धुऊन काढले नाहीत तर पंप जागच्या जागी अडकतो. हिब्रू वर्तमानपत्र वाचता येण्यापूर्वी बाबांना हिब्रू ड्रॉइंग वाचता येऊ लागले होते.

ज्या गोष्टीमुळे हा प्रश्न मला टोचतो, ती 1963 सालची आहे. माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, आमच्याबरोबरच आली होती. तिचे लग्न मोरोक्कोहून आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाशी ठरले. आईने मलिद्याचे, म्हणजे गोड पोह्यांच्या नैवेद्याचे, ताट केले, साखरपुडा झाला. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने धार्मिक व्यवस्थेतूनच नोंदवावी लागतात. मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मंडळाने त्याच्या आदल्याच वर्षी सूचना काढल्या होत्या, की बेने इस्रायल वधू किंवा वर असेल तर आईकडची वंशपरंपरा जितकी मागे जाता येईल तितकी तपासावी आणि घराण्यात कुणाचा शास्त्राला सोडून घटस्फोट किंवा पुनर्विवाह झाला होता का, ते पाहावे. युरोपातून आलेल्या घराला हे कुणी विचारत नव्हते.

बाबांनी हे काम इंजिनिअरसारखे हाती घेतले. अलिबाग, पेण आणि पनवेलला पत्रे गेली. कुणी विवाहकरारांच्या नकला पाठवल्या, कुणी थडग्यांवरची नावे उतरवून पाठवली. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून, टी-स्क्वेअर लावून, काळ्या शाईने त्यांनी आत्याची वंशावळ काढली. पुरुषांच्या चौकटी एका जाडीच्या रेषेत, स्त्रियांच्या दुसऱ्या. आईकडची ओळ गडद. जिथे कागदाचा पुरावा होता तिथे अखंड रेष, जिथे केवळ वडीलधाऱ्यांची आठवण होती तिथे तुटक. उजव्या कोपऱ्यात वर्कशॉपच्या रिवाजाप्रमाणे तक्ता होता: विषय, तारीख, काढणाऱ्याची सही, आणि 'तपासले' या शब्दापुढे रिकामी जागा. ती लग्ने नोंदवणाऱ्या कचेरीने भरावी, अशी त्यांची अपेक्षा होती.

आत्या आणि मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी कागद उलगडला, एका तुटक रेषेवर बोट ठेवले आणि विचारले, "या बाईचे हे पहिलेच लग्न होते, हे कशावरून?" ती बाई म्हणजे बाबांची पणजी, रेवदंड्याची, एकोणिसाव्या शतकातली. बाबा म्हणाले, "आमच्याकडे विधवांचीही पुन्हा लग्ने फारशी होत नसत, हे साऱ्या कोकणाला ठाऊक आहे." गृहस्थ म्हणाले, "कोकण इथे साक्षीला येणार नाही." आवाज चढलेला नव्हता, कागद घडी घालून परत दिला. आत्या वाटभर काही बोलली नाही. पंधरा दिवसांत मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, की इतकी वाट पाहणे त्यांना शक्य नाही.

पुढे काय झाले ते इतिहासात आहे. 1964 च्या उन्हाळ्यात या सूचनांविरुद्ध देशभरातले बेने इस्रायल जेरुसलेमला जमले, साड्या नेसलेल्या बाया रस्त्यावर बसल्या, उपोषणे झाली. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि सूचनांमधून आमचे नाव निघाले. बाबा त्या गर्दीत होते. आत्याचे लग्न नंतर झाले, आमच्यातल्याच मुलाशी. ती सुखी होती; पण तो ठराव तिच्यासाठी उशिरा आला, असे मला वाटत आले आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच परत का आला नाहीत? तशी परतलेली माणसेही होती. 1951 साली याच बीरशेबातून गेलेल्या बेने इस्रायल लोकांनी "आम्हाला भारतात परत पाठवा" म्हणून तेल अवीवमध्ये धरणे धरले होते आणि काही जण खरोखर परत गेले. त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला आले. बाबांना निघण्यापूर्वी हे सारे माहीत होते, तरीही ते निघाले. विशीत मी त्यांच्याशी यावरून भांडत असे. जिथे आपल्याला विदेशी म्हणून कुणी हिणवले नाही ते सोडून, जिथे आपल्याच लोकांनी आपली पणजी तपासली तिथे राहायचे, यात कसला स्वाभिमान, असे मी विचारत असे. "परक्याने विचारले असते तर मी उठून गेलो असतो. घरच्याने विचारले, म्हणून बसून भांडलो," असे ते म्हणत. तेव्हा मला ही पळवाट वाटली होती. आज अर्धी पटते. उरलेल्या अर्ध्यावर मी अजून त्यांच्याशी मनातल्या मनात वाद घालते, कारण भांडणाची किंमत आत्याने मोजली, त्यांनी नव्हे.

आणि हा प्रश्न तुम्ही नेहमी वडिलांविषयीच विचारता. आईला विचारले, तर ती वेगळेच सांगत असे. तिच्या म्हणण्याप्रमाणे जाण्याचा हट्ट तिचा होता. तिचे तिन्ही भाऊ आधीच इस्रायलमधल्या लोद शहरात येऊन राहिले होते आणि परळच्या क्वार्टरमध्ये सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करून तो वाटायला आपले कुणी उरले नव्हते. बाबा तर शेवटच्या महिन्यापर्यंत बढतीची वाट पाहत होते, असे ती सांगे. बाबांनी हे कधी कबूल केले नाही.