सांतियागोतलं ऐंशी नंबरचं दार

मेट्रोच्या ला मोनेदा स्टेशनातून वर आलो आणि समोरची इमारत पाहून जरा हिरमुसलोच. राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा म्हटल्यावर घुमट, मनोरे असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. चिलीच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, म्हणजेच ला मोनेदा, मात्र बुटकं, लांबलचक आणि पांढरट. आजूबाजूच्या इमारती त्याच्या डोक्यावरून डोकावतात.

आत गेल्यावर उलगडा झाला. ही इमारत मुळात टांकसाळ. स्पॅनिश अमलात, १७८४ साली, होआकिन टोएस्का या इटालियन वास्तुविशारदाने काम सुरू केलं. १७९९ मध्ये तो वारला आणि टांकसाळ सुरू झाली १८०५ मध्ये. चुना पोल्पाइकोचा, वाळू मायपो नदीची, लाकूड दक्षिणेतल्या वाल्दिव्हियाच्या जंगलातलं, लोखंडी काम थेट स्पेनहून. देश भूकंपाचा आणि ऐवज सोन्याचांदीचा, त्यामुळे भिंती मीटरभराहून जाड. एका खिडकीपाशी मी हात लांब करून पाहिला, बोटं भिंतीच्या बाहेरच्या कडेला टेकलीच नाहीत.

१८४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मान्युएल बुल्नेस यांनी आपलं बिऱ्हाड आणि कचेरी इथे हलवली. टांकसाळ मात्र १९२९ पर्यंत हलली नाही. ऐंशीहून जास्त वर्षं एकाच छपराखाली राज्यकारभारही चालला आणि नाणीही पडत राहिली! राष्ट्राध्यक्षांनी इथे राहणं बंद केलं ते १९५८ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षं फक्त कार्यालय.

आतला एक चौक तोफांचा, दुसरा संत्र्याच्या झाडांचा. फोटो सगळे संत्र्यांच्या चौकात काढतात, मीही काढले. पण माझं लक्ष होतं मोरांदे रस्त्याकडच्या बाजूला.

त्या बाजूला एक साधं लाकडी दार आहे, पत्ता मोरांदे ८०. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते भिंतीत नव्याने बसवून घेतलं, राष्ट्राध्यक्षांना मानवंदनेचा थाट टाळून चारचौघांसारखं ये-जा करता यावं म्हणून. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने उठाव केला आणि हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर रॉकेटं सोडली. (लोंगेवालात आपल्या हवाई दलाने वापरली त्याच जातीची विमानं.) इमारत पेटली. १८१८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची मूळ प्रत त्याच दिवशी नष्ट झाली. राष्ट्राध्यक्ष साल्व्हादोर अलेंदे यांनी आतच आयुष्य संपवलं. ती आत्महत्याच होती यावर २०११ च्या शवविच्छेदनाने शिक्कामोर्तब केलं. त्यांचा मृतदेह स्ट्रेचरवरून बाहेर काढला तो याच दारातून.

टोएस्काच्या जाडजूड भिंती मात्र उभ्याच राहिल्या. डागडुजी होऊन १९८१ च्या मार्चमध्ये उठावानंतर सत्तेवर आलेले लष्करशहा पिनोशे इथे बसायला आले, तेव्हा ऐंशी नंबरचं दार गायब होतं. तिथे सलग भिंत! मूळ आराखड्यात हे दार नव्हतं, हे खरंच आहे. पण आराखड्याची एवढी कळकळ नेमकी याच दाराच्या बाबतीत का, हे कळायला वास्तुशास्त्र शिकावं लागत नाही. २००३ मध्ये, उठावाला तीस वर्षं झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष रिकार्दो लागोस यांनी ते दार पुन्हा उघडलं.

रस्त्यावरून पाहिलं तर दार सहज नजरेतून सुटेल. माझ्यासमोर दोन-तीन जण फोनवर बोलत त्याच्यासमोरून निघून गेले. उत्तरेच्या चौकात अलेंदेंचा पुतळा आहे, तिथे मात्र पर्यटकांची रांग.

जाणाऱ्यांसाठी: आतली फेरी फुकट असते, पण नाव आधी नोंदवावं लागतं आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. पहारा बदलण्याचा बँडबाजासकट सोहळा एक दिवसाआड होतो. दक्षिणेच्या चौकाखाली, जमिनीच्या पोटात, २००६ मध्ये सुरू झालेलं सांस्कृतिक केंद्र आहे. उन्हाने वैतागलात तर थेट तिथे उतरा.