तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी सॅटर्न घ्यावी का?

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेले लोक पहिली स्वस्त गाडी शोधायला लागले की हा प्रश्न हमखास येतो. "जाहिरातीत सॅटर्न दिसली, किंमत फारच कमी आहे. घेऊ का? कंपनीच बंद पडली, मग पार्ट कुठून आणायचे? आणि जुने मालक एवढं भरभरून बोलतात, तर ती बंद का पडली?"

आधी कुठली सॅटर्न ते सांगा. नाव एक असलं तरी त्याखाली निदान चार-पाच कुळांच्या गाड्या विकल्या गेल्या. एका सॅटर्नचा अनुभव दुसरीला लागू पडत नाही. ओळखीतला एखादा "सॅटर्न म्हणजे दगड" म्हणतो आणि दुसरा "सॅटर्न म्हणजे डोकेदुखी", तेव्हा बहुतेक दोघंही खरंच बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या गाड्यांबद्दल.

(सॅटर्न म्हणजे शनी, तेव्हा साडेसातीचा विनोद इथेच उरकून घेऊ. बोधचिन्हात ग्रहाची कडी आहेत हे खरं, पण नाव घेतलं ते चंद्रावर माणूस पोचवणाऱ्या रॉकेटवरून.)

जपानी छोट्या गाड्यांना उत्तर द्यायचं म्हणून जनरल मोटर्सने जानेवारी १९८५ मध्ये ही स्वतंत्र कंपनी काढली. रॉजर स्मिथ तेव्हा अध्यक्ष होते. टेनेसी राज्यातल्या स्प्रिंग हिल गावी नवा कारखाना उभा राहिला आणि ३० जुलै १९९० ला पहिली गाडी बाहेर पडली. कामगार संघटनेशी वेगळा करार होता. इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा, सगळं नव्याने आखलेलं होतं. शोरूममध्ये लावलेली किंमत हीच शेवटची किंमत, घासाघीस नाही. अमेरिकेत गाडी घेणं म्हणजे विक्रेत्याशी अर्ध्या दिवसाची कुस्ती. ती टळली यावरच कितीतरी लोक खूश होते. १९९१ मध्ये पुरवठादाराकडून सदोष कूलंट आलं, तेव्हा त्या १,८३६ गाड्या दुरुस्त करत न बसता कंपनीने मालकांना सरळ नव्या गाड्या दिल्या. १९९४ मध्ये विक्री वर्षाला सुमारे २,८६,००० वर गेली आणि त्याच वर्षी कारखान्यावरच्या मेळाव्याला देशभरातून हजारो मालक आपापल्या गाड्या चालवत आले.

मग नवं मॉडेलच आलं नाही. पहिल्या एस मालिकेचा मूळ सांगाडा १९९० पासून २००२ पर्यंत तोच राहिला. लोकांची कुटुंबं वाढली, मोठी गाडी हवी झाली, ती सॅटर्नकडे नव्हती. २००० सालची एल मालिका आली ती ओपेल व्हेक्ट्राच्या पायावर आणि डेलावेअरमधल्या जुन्या कारखान्यातून. पुढे ऑरा, आउटलुक, ॲस्ट्रा, स्काय या सगळ्या जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांच्या सख्ख्या किंवा चुलत बहिणी. २००७ च्या मार्चमध्ये स्प्रिंग हिलमधून शेवटची सॅटर्न निघाली. जून २००९ मध्ये मूळ कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली. गाड्या विकणारा पेन्स्के समूह सॅटर्न विकत घेणार होता, पण पुढच्या गाड्या बनवून द्यायला फ्रान्सची रेनो कंपनी तयार झाली नाही आणि ३० सप्टेंबरला तो सौदा मोडला. माझ्या मते सॅटर्न संपली ती त्याच्या बरीच आधी. तिच्यासाठी वेगळी गाडी आखणं थांबलं तेव्हाच.

आता गाड्यांकडे वळू. खरी चर्चा एस मालिकेची, मॉडेल वर्ष १९९१ ते २००२. नावातला आकडा आधी बघा. एसएल किंवा एसएल१ असेल तर १.९ लिटरचं एका कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) इंजिन, १९९५ पासून १०० अश्वशक्तीचं. एसएल२ असेल तर दोन कॅमशाफ्ट, १२४ अश्वशक्ती. दोन्हीत टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे. दारं, मडगार्ड आणि बंपर प्लास्टिकचे. बॉनेट, छप्पर आणि डिकीचं झाकण मात्र पत्र्याचं. पार्किंगमध्ये कोणी दार आपटलं तरी पोचा येत नाही. उन्हात प्लास्टिक फुगतं म्हणून पॅनेलमधल्या फटी मुद्दामच रुंद ठेवलेल्या आहेत. त्या पाहून "अपघाताची गाडी दिसते" असा निष्कर्ष काढू नका. कडाक्याच्या थंडीत ठोकर बसली तर हेच प्लास्टिक वाकण्याऐवजी तडकतं. तडकलंच तर भंगार यार्डातून त्याच रंगाचं मडगार्ड शोधायचं आणि घरीच स्क्रू-बोल्ट काढून बदलायचं. फक्त सेडानचं अंग १९९६ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये बदललं, त्यामुळे तिन्ही काळांचे पॅनेल एकमेकांना बसत नाहीत. सांगाडा मात्र लोखंडीच आहे. वरून गाडी चकचकीत दिसली तरी मीठ टाकलेल्या रस्त्यांच्या राज्यातली असेल तर खाली वाकून गंज बघायलाच हवा.

हिची मोठी खोड म्हणजे ऑइल पिणं. पिस्टनला ऑइल खाली परतायला पुरेशी भोकं नाहीत, त्यामुळे ऑइल कंट्रोल रिंगमागे काजळी धरते, रिंग चिकटते आणि ऑइल वर जाऊन जळतं. एक क्वार्ट हजार मैलांत गेलं तरी मालक त्याला नेहमीचंच मानतात. इंजिनात एकूण ऑइल बसतं ४ क्वार्ट, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक बघितली नाही तर निम्मं ऑइल कधी संपलं कळणारही नाही, कारण डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलच्या दाबाचा आहे, पातळीचा नाही. तो लागेपर्यंत चेन आणि बेअरिंगचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. "इंजिन अचानक गेलं" म्हणून विकायला काढलेल्या कितीतरी एस मालिकेच्या गाड्यांची गोष्ट एवढीच असते.

यावर इंजिन न उघडता करण्याजोगा उपाय म्हणजे पिस्टन भिजवणं. इंजिन कोमट असताना चारही स्पार्क प्लग काढा. क्रँक फिरवून चारही पिस्टन साधारण मध्यावर आणा. प्रत्येक सिलिंडरमध्ये काजळी विरघळवणारं क्लीनर ५०-६० मिली ओता आणि रात्रभर ठेवा. झिरपून गेलं तर पुन्हा थोडं घाला. सकाळी प्लग न बसवता, कॉइलची जोडणी सोडवून, प्लगच्या भोकांवर जाड फडकं टाकून स्टार्टर काही सेकंद फिरवा, म्हणजे उरलेला द्रव बाहेर फेकला जाईल. ही पायरी गाळलीत तर पिस्टन द्रवावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग प्लग बसवून गाडी उघड्यावर सुरू करा. पांढऱ्या धुराचे लोट येतील, शेजारी बाहेर येऊन बघतील. धूर थांबला की लगेच ऑइल आणि फिल्टर बदला, कारण क्लीनर झिरपून ऑइलमध्ये मिसळलेलं असतं. सोबत पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनात साठणारे वायू परत जळायला पाठवणारा) बदला. दोन-तीनदा केल्यावर बऱ्याच गाड्यांत फरक पडतो. नाही पडला तर दोनच मार्ग: पिस्टन काढून भोकं पाडून नव्या रिंग बसवणं, किंवा डिकीत ऑइलचा कॅन ठेवणं. बहुतेक मालक दुसरा मार्ग धरतात आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

दुसरी खोड छोटी आहे, पण तिच्यापायी लोक नको ते पार्ट बदलत बसतात. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. मूळ सेन्सरचं टोक प्लास्टिकचं. ते तडकतं, कूलंट कनेक्टरमध्ये चढतं आणि पिना हिरव्या पडतात. मग संगणकाला इंजिन कायम थंडच वाटतं: पेट्रोल जास्त सुटतं, गरम गाडी सुरू व्हायला कुरकुरते, पंखा वेळेवर लागत नाही. पितळी टोकाचा सेन्सर घ्या आणि सोबत कनेक्टरही नवा घ्या. जुन्या हिरव्या पिनांवर नवा सेन्सर लावला की महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

उभ्या गाडीत स्टीअरिंग थरथरत असेल तर इंजिनचं वरचं माउंट बघा. रबर बसलेलं असतं. ऑइल पॅनखाली लाकडाची फळी घालून जॅकने इंजिन तोलून धरलं की अर्ध्या तासात बदलतं. आयडलिंग उगाच चढं राहत असेल तर इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. प्लग साधे तांब्याचेच लावा, फट ०.०४० इंच, महागडे प्लॅटिनमचे या इंजिनाला मानवत नाहीत.

घेण्याआधी दोन गोष्टी नक्की तपासा. एका कॅमशाफ्टच्या इंजिनाचं हेड तडकतं आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलचं झाकण काढून आत दुधाळ साय दिसली तर सौदा सोडा. ऑटोमॅटिक असेल तर गरम गाडी रिव्हर्समध्ये टाका. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग दाणकन धक्का, असं झालं तर व्हॉल्व्ह बॉडी झिजलेली असते किंवा इनपुट शाफ्टचा नट सैल झालेला असतो. नटचं काम बाजूचं झाकण उघडून होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. पण किंमत पाडायला तो धक्का पुरेसा आहे.

बाकी कुळांचं थोडक्यात. एल मालिकेचं २.२ लिटर इंजिन: सुरुवातीच्या वर्षांत चेनवर ऑइल नीट उडत नसे आणि चेन तुटे, म्हणून बदलल्याची पावती मागा. तिचंच ३ लिटर व्ही-६: ऑइल कूलर इंजिनच्या दोन फाळक्यांमधल्या खाचेत दडलेला, गळला की कूलंट ऑइलमध्ये. हिच्यापासून लांबच राहा. व्ह्यू (सॅटर्नची एसयूव्ही) आणि आयन (एस मालिकेच्या जागी आलेली छोटी गाडी) कूपेमधला व्हीटीआय नावाचा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फुकट मिळाला तरी नको. याउलट २००४ ते २००७ ची व्ही-६ व्ह्यू घ्यायला हरकत नाही, कारण तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही होंडाचे आहेत. म्हणूनच त्यात जनरल मोटर्सचं नेहमीचं डेक्सरॉन नव्हे, होंडाचंच गिअर फ्लुइड लागतं. मेकॅनिक सॅटर्नचा बिल्ला बघून डेक्सरॉन ओततो आणि चांगला गिअरबॉक्स घालवतो. तिथे टायमिंग पट्टा आहे, साधारण १ लाख मैल किंवा ७ वर्षांनी वॉटर पंपासकट बदलायचा. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

आयन घेत असाल तर २०१४ चं इग्निशन स्विचचं रिकॉल (कंपनीने सदोष गाड्या बोलावून केलेली दुरुस्ती) झालंय का ते गाडीच्या नंबरवरून तपासा. किल्ली चालत्या गाडीत घसरून इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायच्या. ब्रँड गेला तरी रिकॉलची दुरुस्ती जनरल मोटर्सच्या इतर डीलरकडे मोफत होते. तोवर किल्लीला जुडगा लावू नका.

पार्टचं म्हणाल तर फिल्टर, ब्रेक, सेन्सर, माउंट कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळतात. अडतं ते प्लास्टिकचे पॅनेल, दिवे आणि आतल्या क्लिपांपाशी. एस मालिका घेतलीत तर यार्डात तशीच दुसरी दिसेल तेव्हा सेन्सरचा कनेक्टर आणि मागचे दिवे काढून ठेवा, गरज असो वा नसो.