शंभर मीटर तार, साठ सेंटीमीटर ताण

काही वर्षे मी विजेच्या पीएससी, म्हणजे पूर्वप्रतिबलित (आतल्या तारा आधी ताणून आवळलेल्या) काँक्रीटच्या पोलच्या यार्डात गुणवत्ता तपासणीचे काम केले. तिथे माझे निम्मे लक्ष काँक्रीटवर आणि निम्मे फूटपट्टीवर असे, कारण पोलाची खरी ताकद त्याच्या पोटातल्या चार मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांना दिलेल्या ताणात असते.

सुमारे शंभर मीटर लांबीच्या बेडवर (ओतकामाच्या ओट्यावर) साचे एका ओळीत मांडून त्या सगळ्यांमधून तारा ओवतात, एका टोकाला त्या पाचरीच्या ग्रिपमध्ये पक्क्या करतात आणि दुसऱ्या टोकाकडून हायड्रॉलिक जॅकने ओढतात. एकेका तारेवर साधारण दीड टन ओढ येते आणि शंभर मीटरची तार जवळजवळ साठ सेंटीमीटर लांबते. जॅकचा काटा बिघडलेला असू शकतो, ग्रिप घसरू शकते. म्हणून काट्यावरचा आकडा आणि तारेवरची खडूची खूण किती सरकली याचे माप जुळल्याखेरीज मी सही करीत नसे. ताण चढत असताना बेडच्या टोकामागे कोणालाही, अगदी मालकांनाही, उभे राहू देत नसत.

फ्रेंच अभियंता युजेन फ्रेसिने यांनी १९२८ साली पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे पेटंट घेतले आणि त्यानंतर कारखाना काढला तो विजेच्या खांबांचाच, हे मला फार उशिरा कळले. मंदीत तो चालला नाही.

ताणलेल्या तारांभोवती साच्यांत ओतलेले काँक्रीट पुरेसे घट्ट झाल्याचे क्यूबच्या, म्हणजे त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या, चाचणीत दिसल्यावरच तारांचा ताण हळूहळू सोडायचा असतो. एका पावसाळ्यात गाड्या दारात उभ्या आहेत म्हणून क्यूबची वाट न पाहता तारा कापल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पाहिले तर काही पोलांच्या टोकाशी तारा काही मिलिमीटर आत ओढल्या गेल्या होत्या आणि कडेने केसाएवढ्या भेगा धावत होत्या. ते पोल मी बाजूला काढले, त्यावरून बराच वाद झाला.

चांगल्या पोलाची भेग वेगळी असते. चाचणीत आठ मीटरचा पोल आडवा ठेवून बुडखा दीड मीटरपर्यंत जखडतात आणि शेंड्यापासून साठ सेंटीमीटरवर दोर लावून ओढतात. ओढ वाढली की बुडख्याजवळ बारीक भेग उघडते. ओढ सैल केली की तारा काँक्रीटला पुन्हा आवळून धरतात, आणि खडूने खूण केलेली नसेल तर ती भेग कुठे होती ते सापडतही नाही.